हरणीच्या झुलीची चाचणी

औरंगाबादच्या वैशाखात घोडीची झूल कुठल्या कापडाची शिवावी, हा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाने सावलीत बसून सोडवला असता. बद्रीनाथरावांनी तो भर उन्हात सोडवला, आणि तोही रांगत.

मुळात घोडी त्यांची नव्हती. कचेरीतल्या कारकुनाच्या दारात फार तर सायकल शोभते. (तीही त्यांच्याकडे नव्हती.) हरणी होती सासऱ्यांची. आप्पासाहेब म्हणजे चिकलठाण्याच्या पुढच्या खेड्यातले जुने जमीनदार देशमुख. पोलीस ॲक्शननंतर घरातली तालेवारी ओसरली, नोकरचाकर गेले, पण घोडी त्यांनी सोडली नाही. फाल्गुनात ते स्वतःच गेले. तेराव्याला मेव्हणा हरणीकडे बघून म्हणाला, "म्हातारी झाली ही, कुणाला तरी देऊन टाकू." आप्पासाहेबांच्या लेकीने, द्वारकाबाईंनी, लगाम धरला आणि तिला चालवत गुलमंडीमागच्या आपल्या घरी आणलं. तेव्हापासून त्या घरात दोघीजणी मुक्या झाल्या.

द्वारकाबाई भांडत नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाणी तापलंय", "जेवायला चला", "दार लावा", एवढ्यावर दोन महिने संसार चालला होता. बद्रीनाथरावांना रात्रंदिवस ते टोचत होतं. पण बापाचं दुःख आहे, हळूहळू निवळेल, अशी मनाशी नोंद करून त्यांनी हे प्रकरण बाजूला ठेवून दिलं. कचेरीतही ते असंच करत.

वैशाख लागला आणि हरणीने चारा सोडला. अंगणात लिंबाचं झाड होतं, पण दुपारी त्याची सावली नेमकी शेजारच्या आशाबाईंच्या अंगणात पडायची. हरणीच्या पाठीवर खोगिराची जुनी जखम होती, तिच्यावर माशांनी मुक्काम ठोकला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ऊन आणि माशा, दोन्हींपासून पाठ झाका. नाहीतर ही पावसाळा बघायची नाही."

त्या दिवशी द्वारकाबाई बोलल्या. "झूल मी शिवते. तुम्ही कापड आणा. अन् या खेपेला तरी येळ लावू नका."

एवढे शब्द, एका दमात! बद्रीनाथरावांना इतका आनंद झाला की 'या खेपेला तरी' हे त्यांना ऐकूच आलं नाही. हे एक काम आपल्या हातून चोख व्हायचं, घोडी जगायची आणि घरात पुन्हा बोलणं सुरू व्हायचं, असं त्यांनी पक्कं ठरवून टाकलं.

गुलमंडीत गयासभाईंचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे वडील एके काळी तबेल्यांना झुली पुरवायचे.

"सोपं हाय बद्रीभाऊ," गयासभाई म्हणाले. "पांढरं, सुती, विरळ विणीचं घ्या. वारा आत जातो, माशी नाय जात."

"पण देशमुखांची घोडी आहे. पांढरं सुती म्हणजे लोक म्हणतील, कारकुनाच्या घरी आली."

"आलीच हाय की!"

बद्रीनाथरावांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांची नजर जांभळ्या मखमलीवर गेली होती. गयासभाईंनी सुस्कारा सोडला. "आमचे वालिद म्हणायचे, जनावर तक्रार करत नाय, म्हणून कापड आधी आपल्या अंगावर घालून बघावं. कापडाचे दोन्ही थान घेऊन जावा, बघा, नको ते परत आणा."

गयासभाईंच्या मनात होतं, घडीभर मानेवर टाकून बघतील. पण बद्रीनाथरावांच्या हाती पडलेलं कोणतंही काम साधं राहत नसे. घरी येऊन त्यांनी वही काढली, रकाने आखले: कापड, वेळ, घाम, शेरा. मग त्यांच्या लक्षात आलं की माणसाची पाठ उभी असते आणि घोड्याची आडवी. उभ्या पाठीवरचा निष्कर्ष आडव्या पाठीला कसा लागू व्हावा? तेव्हा भर बारा वाजता, अंगणाच्या मधोमध, बनियन आणि पायजम्यावर बद्रीनाथराव चार पायांवर उभे राहिले आणि पाठीवर मखमल टाकून घेतली. प्रत्येक कापडाला अर्धा तास ठरला होता.

दहाव्या मिनिटाला भिंतीवरून आशाबाईंनी डोकावलं.

"बद्रीभाऊ, काय हरवलं?"

"काही नाही. झूल बघतोय."

"कुणाची?"

"हरणीची."

"मग ती तुमच्या अंगावर कशाला?"

"तिला सोसेल का ते बघतोय."

आशाबाई सावलीतून खाली उतरल्या आणि ओरडत निघाल्या, "द्वारके! अगं पळ! बद्रीभाऊंच्या डोक्यात ऊन गेलं गं!"

त्या वेळी ते खोटं होतं. पण हाका ऐकून घाईघाईने शेरा लिहायला त्यांनी मान खाली घातली, डोळ्यांपुढे सगळं जांभळं झालं, आणि तासाभराने खरं होणार होतं ते तिथल्या तिथेच खरं झालं.

शुद्ध आली तेव्हा ते ओसरीवर बाजेवर होते. कपाळावर किसलेला कांदा होता आणि अंगाभोवती ओलं, मऊ, शेकडो धुण्यांनी विरलेलं धोतर होतं. ते आप्पासाहेबांचं. तेराव्याला सगळे कपडे वाटून टाकले, तेव्हा द्वारकाबाईंनी एवढं एकच ट्रंकेत दडवलं होतं. आज ते आपल्यासाठी निघालं, हे बद्रीनाथरावांच्या ध्यानात आलं. अंग कसं गार गार झालं होतं.

"अगं, हेच कापड," ते पुटपुटले. "हेच मंजूर."

द्वारकाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला, ताप उतरल्याची खात्री केली, आणि धोतर सोडून घेऊन त्या सरळ अंगणात गेल्या.

धोतर पाठीवर पडताच हरणीने मान वळवली. कितीतरी वेळ ती ते हुंगत राहिली. मग तिने द्वारकाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि दोन महिने कोरड्या डोळ्यांनी वावरणाऱ्या द्वारकाबाई घोडीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. रडता रडता बोलू लागल्या.

"बाबांचा निरोप आलता गं, लई आजारी हाय म्हणून. मी म्हणलं, चला. एकटी गेले असते तर बाबांना वाटलं असतं, पोरगी भांडून आली. म्हणून थांबले. अन् यांनी रजेचा अर्ज लिहायला तीन दिस लावले! कचेरीत उर्दू जाऊन मराठी आली, अर्ज बघून कुणी हसू नये म्हणून चारदा लिहिला. चौथा मंजूर झाला तवा बाबा गेल्ते."

बाजेवर पडल्या पडल्या बद्रीनाथरावांच्या अंगातलं उरलंसुरलं ऊनही उतरलं. ज्याला ते दोन महिने दुःख समजत होते, तो राग होता, आणि तो खरा होता. त्या अर्जातलं सुवाच्य अक्षर त्यांना अजून आठवत होतं, आणि आता त्याची शिसारी आली. ते लटपटत उठले, अंगणात गेले आणि हरणीच्या मागे उभे राहिले.

"अगं, चुकलं माझं. फार चुकलं."

"तुमाला कुठं सांगतेय मी?" द्वारकाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी हिला सांगतेय."

आता काय करावं? बद्रीनाथरावांनी घसा खाकरला. "हरणे," ते कळवळून म्हणाले, "माझं चुकलं."

बऱ्याच दिवसांनी तरतरी आलेल्या हरणीने मागे काहीतरी गुणगुणतंय हे ताडलं आणि शेपटीचा सणसणीत फटका त्यांच्या तोंडावर ओढला. बद्रीनाथराव गाल धरून मागे सरकले.

द्वारकाबाईंनी पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सरकू नका," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिथंच उभे ऱ्हावा. अजून तीन अर्जांचे फटके बाकी हायत."