खोट काढा

सून कामावरून घरी आली तेव्हा सासरे स्टुलावर चढून माळा आवरत होते. गुडघ्यांपायी गेली कित्येक वर्षं ते खुर्चीतूनच घर चालवत.

"बाबा, गुडघा?"

"कुठला गुडघा?" सासरे म्हणाले आणि टुणकन खाली उतरले.

तिने फ्रिज उघडला. तपकिरी बाटली अर्धी झाली होती. तिने ती उचलून सासऱ्यांपुढे धरली.

ती औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत हंगामी संशोधक होती. एका मुळीचा काढा गुडघेदुखीवर कितपत गुणकारी आणि कितपत निर्धोक, याची तिथे चाचणी चालू होती. निम्म्यांना खरा काढा, निम्म्यांना तसाच दिसणारा, तितकाच कडू, पण खोटा. कोणाला कुठला मिळतो हे पिणाऱ्यांना कळता कामा नये. खोटा बनवायचं काम सरांनी तिला दिलं होतं, कारण तिच्या हाताला चव नाही असं सासरे म्हणतात हे तिनेच एकदा त्यांना सांगितलं होतं. तो ती घरीच उकळायची: करपवलेली साखर, संत्र्याच्या साली आणि पाणी. घाईत चिठ्ठी डकवताना 'खोटा काढा'मधला एक काना राहून गेला होता.

"स्वच्छ लिहिलंय की 'खोट काढा'," सासरे म्हणाले. "म्हटलं, गुडघ्यात खोट आहे, टाकू काढून."

त्यांचा उभा जन्म दुसऱ्यांची खोट काढण्यात गेला होता. आज्ञा ओळखीची वाटली, त्यांनी पाळली.

खरं सांगायची सोय नव्हती. सासऱ्यांना सांगणं म्हणजे बागेतल्या बाकावरच्या त्यांच्या मित्रांना सांगणं, आणि तो अख्खा बाक तिच्याच आग्रहावरून चाचणीत सामील झाला होता. चाचणी फुटली की तिला नारळ. नीट पार पडली तर नोकरी कायम.

"बाबा, थोडा थोडाच घ्या हं," एवढंच ती म्हणाली.

तिथेच घोटाळा झाला. थोडा थोडा घ्यायचा म्हणजे औषध जालीम असणार, असं ताडून सासरे बाटली घेऊन बाकावर गेले. दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली आणि मागणी, दोन्ही घेऊन परतले.

"सूनबाई, मोठं पातेलं चढव. आणि साखर नीट करपू दे, त्यातच तुझा हात आहे."

लग्नानंतर त्यांनी तिच्या स्वयंपाकाचं केलेलं हे पहिलं कौतुक. तिने पातेलं चढवलं.

महिनाअखेरीस सरांनी तिला बोलावलं. चष्मा टेबलावर पडला होता.

"खरा घेणारे बरे झालेत. खोटा घेणारेही बरे झालेत. कंटाळून चाचणी सोडून गेले, तेसुद्धा बरे झालेत. हे काय चाललंय?"

तिने पातेल्यासकट सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे आपल्या मुळीपेक्षा तुझी करपलेली साखर बरी?"

"काना राहिल्यामुळे असेल, सर."

"मग राहू दे तो तसाच. या खोट काढ्याची आता रीतसर चाचणी घेऊ. निर्धोक आहे का, गुण कितपत टिकतो, सगळं नव्याने. ही चाचणी तूच बघ. तुझ्या कायम होण्याचं मी वर बोलतो."

ती उठून दारापर्यंत गेली.

"आणि हो," सर म्हणाले, "तुलनेला याचाही एक खोटा लागेल. तोही तूच कर."

संध्याकाळी ती पातेल्यापुढे उभी राहून विचार करू लागली. मुळात ज्यात काही नाही त्यातून काढायचं काय? साखर काढली तर रंग जाई, साली काढल्या तर कडूपणा. शेवटी तिने हात टेकले आणि तोच काढा, त्याच पातेल्यातून, दुसऱ्या बाटलीत भरला. चिठ्ठी मात्र लावली नाही.

"बाबा, हा जरा बघता का?"

सासऱ्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, कसाबसा गिळला. मग गुडघा धरून ते सावकाश खुर्चीत बसले.

"नकली आहे हा," ते म्हणाले. "अस्सल घोटभर आण बघू आधी, मला उठायचंय."