केशोरीच्या शीटवर

रहांगडाले भाऊंनी पुतणीच्या लग्नात पंगत बसवली, ती खडूनं चौकोन आखून. उभ्या ओळींना अक्षरं, आडव्यांना आकडे. वाढप्यांना हुकूम सुटला, "बी-दोन ते एफ-दहा, वरण!" एका म्हाताऱ्याच्या पानात वरण काही येईना.

"मामाजी, तुम्ही रेंजच्या बाहेर बसून राहिले," भाऊ म्हणाले.

"मी नवरीचा मामा आहो बे! रेंज गेली चुलीत!"

भाऊ आणि मी गोंदियाच्या एका सरकारी कार्यालयात शेजारी बसायचो. संगणक तेव्हा नवेच होते. जिल्हाभरातल्या शिक्षकांची नावं एका फाइलीत, गावागणिक वेगळी शीट. आम्ही माउस ओढून ओढून बोटं झिजवायचो. भाऊंनी मात्र मॅक्रो लिहिला. एक बटण दाबलं की पडदा गावोगाव उड्या मारी, प्रत्येक शीटवरची नावं धरी आणि सगळ्यांची एक यादी करी. तो पहिल्यांदा चालला त्या दिवशी भाऊंनी जिलेबी वाटली आणि दिसेल त्याला धरून समजावलं.

"पहिले त्या गावच्या शीटवर जा लागते, मंग रेंज, म्हणजे चौकोनांचा पट्टा, धरा लागते. आमगावात उभं राहून कोहमाऱ्यातल्या माणसाची कॉलर धरता येते का?"

कोड चुकला की ती ओळ पिवळी पडे. भाऊ ओरडत, "कावीळ झाली हिले!"

एकच खोड होती. मॅक्रो केशोरीच्या शीटवर पाच सेकंद अडायचा. एकदा भाऊ रजेवर, साहेब घाईत. मी कोड उघडला. पाच सेकंद थांब, असं सांगणारी एक ओळ सापडली. उडवली. साहेब खूश, मीही खूश.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी बटण दाबलं. केशोरी भुर्रकन गेली. पुन्हा दाबलं. पुन्हा गेली.

"मॅडम, इथं एक ओळ होती."

"उगाच अडत होतं भाऊ. काऊन ठेवली होती?"

भाऊ चष्मा पुसत बसले. "आमची मंडळी मास्तरीण आहे केशोरीले. बारा वर्षं झाली, बदली होऊनच नाही राहिली. शनिवारी जातो, रविवारी परत. त्या शीटवर तिचं नाव येते. तेवढंच."

एवढं बोलून ते स्वतःच रांधलेला डबा घेऊन उठले.

मी ती ओळ परत लिहिली. पाचाच्या जागी पंधरा टाकले.

दुसऱ्या दिवशी साहेब केबिनमधून ओरडले, "रहांगडाले, यादी कुठं अटकली?"

पडद्यावरची नजर न हलवता भाऊ म्हणाले, "येऊन राहिली साहेब. केशोरीहून निघाली."