लाकूड बोलतं

“वरच्या भाडेकरूचं ते टिंगटिंग आज बंदच करून टाकतो,” लिफ्टमध्ये सेक्रेटरी सावंत फोनवर म्हणाले. मी बाजूलाच उभी होते. डोकं तापलेलं, तोंड नेहमीसारखं बंद.

टिंगटिंग! गायकवाड काकांनी हा शब्द ऐकला असता, तर सावंतांचं काही खरं नव्हतं. माझ्या शेजारचे हे काका तरुणपणी ऑर्केस्ट्रात झायलोफोन वाजवायचे. अजूनही शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी वाजवायच्या दोन काठ्या असतात. जिन्याचा कठडा, गॅसचा सिलिंडर, माझा डबा, जे दिसेल ते वाजवून बघतात आणि चिडतात. “लाकूड बोलतं, लोखंड बोंबलतं!”

भाचीच्या खेळण्याला मी झायलोफोन म्हटलं तेव्हा तर भडकलेच. “पत्र्याच्या पट्ट्या दिसत नाहीत? हा ग्लॉकेनस्पील! झायलोफोन लाकडाचा. एवढं इंग्लिश मीडियम, आणि हे शिकवलं?” आमच्या एक्स फॉर झायलोफोनच्या चित्रातही रंगीत पत्रेच होते. मला शाळेचाच राग आला. काकांनी ते खेळणं आणि घरातला आपला शिसवी झायलोफोन, दोन्ही वाजवून दाखवले. पत्र्याचा सूर कानात किणकिणत राहिला. शिसवीचा टक्कन उमटला आणि विरला, कुणी मोजकं बोलून गप्प बसावं तसा. मला तोच आवडला.

बाळकुमच्या आमच्या कॉम्प्लेक्सला मात्र एकच विनोद सुचतो. आजारपणात काकूंचे दोन्ही कान गेले. “सुटली बिचारी!” म्हणून सगळे हसतात.

आमच्या मजल्यावर उतरून सावंतांनी काकांची बेल दाबली. “काका, इयरफोन लावून वाजवा ना.”

“लाकडाला इयरफोन? कुठे खुपसू?”

“मग बंद करा. नाहीतर तुमच्या घरमालकाला सांगून घर खाली करायला लावतो.”

दार उघडंच टाकून काका आत गेले. खिशातल्या काठ्या ठेवल्या, लोकर गुंडाळलेल्या घेतल्या. झायलोफोनला खेटून काकू बसल्या होत्या, दोन्ही तळवे त्याच्या लाकडी चौकटीवर टेकवून. काका जाड पट्ट्यांवर हळू वाजवू लागले. काकूंनी डोळे मिटले. एका जागी काका चुकले. काकूंनी चौकटीवर चापट मारली. काकांनी मुकाट्याने तीच ओळ परत घेतली.

“अहो, मी काय बोलतोय!” सावंत दारातून ओरडले.

“सावंत काका, हळू,” मी म्हणाले. “काकू ऐकतायत.”