शेर्पाला हवा लागली

उंच डोंगरातल्या खुमजुंग गावातल्या एका घरात फुर्बा मुलीला मागणी घालायला आला होता आणि त्याला धड बसवतही नव्हतं. काठमांडूत जन्मलेला, बेकरीत पाव भाजणारा हा तरुण एवढ्या उंचीवर पहिल्यांदाच आला होता. डोकं ठणकत होतं, पोटात ढवळत होतं.

"मामा, मला विरळ हवा लागलीय," तो कुजबुजला.

"गप! शेर्पाला कधी हवा लागते? ती परदेशी पाहुण्यांना लागते. ह्यांनी ऐकलं तर मुलगी देतील का?" नुरूमामांनी डोळे वटारले.

समोर मुलीचे वडील ग्याल्जेन बसले होते. लोकांना शिखरावर नेता नेता त्यांनी पायाची बोटं गमावली होती आणि एक भाऊही. रीतच होती: मामांनी आणलेली छांग, म्हणजे धान्याची घरगुती दारू, ते प्यायले तर होकार, नाही प्यायले तर नकार.

"पोराचा चेहरा उतरलाय," ग्याल्जेन म्हणाले.

"लाजतोय हो!"

"ओठ निळे पडलेत."

"फार लाजतो तो. पण रक्त अस्सल बरं का! पुढच्या वर्षी शिखरच चढणार."

एवढ्यात फुर्बा एका बाजूला कलंडला. मामांनी त्याला सावरलं आणि घाबरून बोलून गेले, "काल जरा जास्त घेतली त्यानं."

"दारुड्याला मी मुलगी देत नाही."

"छे छे! थेंबाला शिवत नाही तो!"

"मग झुलतोय कशानं?"

मामांनी छांगेचं भांडं फुर्बाच्या हातात कोंबलं. "ऊठ, तूच दे सासऱ्यांना!"

फुर्बा उठला, वाकला आणि त्या भांड्यातच ओकला.

आतून ग्याल्जेनची मुलगी डोमा धावत आली. ती गावच्या दवाखान्यात नर्स होती. काठमांडूत शिकताना ह्याच पोराच्या हातचा पाव खात तिनं त्याला पसंत केलं होतं. तिनं त्याच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं.

"बाबा, दारू नाही, हवा लागलीय. लगेच खाली न्यायला हवं."

"शेर्पाला?"

"उंची सोसायची ताकद रक्तातून येते, पण सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. तुमचं नाक दादाला आलं, मला कुठं आलं?"

"बापाकडनं आलं असणार हे," मामा घाईनं म्हणाले. "आमच्याकडे असलं काही नाही!"

ग्याल्जेन मात्र मुलीकडे बघत होते. "म्हणजे हा शिखरावर जाणार नाही?"

"मी जाऊच द्यायची नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाबा."

मामांनी कपाळाला हात लावला. ग्याल्जेननी मोठा श्वास सोडला.

"आजवर जो आला तो चढलेली शिखरं मोजत आला. मला जावई हवाय तो म्हातारा होणारा." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून बायकोला हाक मारली, "फूटी, आपल्या घरची छांग आण गं!"

त्यांनी वाटी एका दमात रिकामी केली. "आता उचला याला. लग्नसुद्धा खालीच करू, लुक्लाला. इथं केलं तर नवरदेवाला पाठुंगळीला घेऊन नाचावं लागेल."

फुर्बाने कसेबसे हात जोडले. मग तो दाराबाहेर जाऊन पुन्हा ओकला, पण या वेळी अगदी निर्धास्तपणे.