तार कुठून येते?

धम्मदीपाला अकरा वाजता आपला प्रकल्प अमरावतीच्या सरांना ऑनलाइन दाखवायचा होता. नाही दाखवला तर वर्ष वाया. विषय होता इंटरनेटचं जाळं मोजायच्या दोन पद्धतींची तुलना. पहिली पद्धत म्हणजे ज्याला त्याला विचारायचं, बाबा रे, तू कोणाशी जोडलेला? दुसरी म्हणजे एक संदेश सोडायचा आणि तो कुठून कुठून जातो ते पाहायचं. नमुन्याला तिने किन्हीराजा गावातली आपलीच गल्ली घेतली आणि विचारायची सुरुवात बापापासून केली. तिथेच चुकलं.

"आपलं नेट पंचायतीच्या खांबावरून सरळ घरात येते," माणिकराव म्हणाले. "लिहून घे."

तिने लिहून घेतलं. मग संदेश सोडला. घरातून निघताच पहिला टप्पा उमटला, 'रामकिसन-घर'.

रामकिसन म्हणजे भिंतीपलीकडचे शेजारी. सहा वर्षांपूर्वी त्यांनी माणिकरावांचा फवारणीचा पंप उसना नेला आणि नोझल मोडून परत दिला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्यांच्या बायकांचं, चंपाबाई आणि तुळसाबाईंचं, मात्र कधीच बंद नव्हतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, एक माणिकराव सोडून.

"चंपा, हे काय होय?"

चंपाबाई भाकरी थापतच म्हणाल्या, "पंचायतीचं नेट दोन सालापासून बंद हाय. तुळसाबाईनं भिंतीवरून तार देली. तुमी रोज त्याच्यावरच त बातम्या पायता."

"त्याचं नेट माह्या घरात?" माणिकरावांनी उठून तार अशी हिसडली की तिचं टोक तुटून हातात आलं. साडेदहा वाजले होते, आणि मोबाईलला रेंज गच्चीवरही नव्हती.

"बाबा, आता मी सरांले काय दाखवू?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं की माणिकरावांचा सगळा ताठा गळून पडे. लॅपटॉप काखेत मारून ते तिच्यासोबत रामकिसनच्या ओसरीवर जाऊन उभे राहिले.

"पोरीचं अकरा वाजता काम हाय," ते भिंतीकडे पाहत बोलले.

"बस वं माय, अठी जोरात चालते," रामकिसन म्हणाले. तुळसाबाईंनी खुर्ची सरकवली.

तिकडे धम्मदीपा सरांशी बोलू लागली, तसं माणिकरावांनी रामकिसनना हळूच विचारलं, "तुले तारेचं मालूम होतं?"

"पयल्या दिवसापासून. खिळे म्याच ठोकले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं, त तू तार उपटली असती."

माणिकरावांनी हातातलं टोक गुपचूप खिशात घातलं आणि ते रामकिसनशेजारी टेकले.