चारात एक निळं

प्रभाकररावांनी फ्रिजवर तक्ता चिकटवला तेव्हा बबीने अंडी घातली होती फक्त दोन. तक्त्यात मात्र चार रकाने होते. पहिलं हिरवं, दुसरं हिरवं, तिसरं हिरवं, चौथं निळं. खाली तारीख, सही आणि ‘बदल करण्यास परवानगी नाही’ अशी तंबी.

"अहो, ही बजींची जोडी आहे की तुमची फॅक्टरी?" प्रमिलाताईंनी दुधाचं पातेलं काढता काढता विचारलं.

"फॅक्टरीत माणसं दांडी मारायची. पक्षी मारत नाहीत," प्रभाकरराव म्हणाले.

प्रभाकर साबळे तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट सुपरवायझर होते. चार टोळ्या, चार आठवडे, आणि दर आठवड्याला एका टोळीला रात्रपाळी. कुणी चुकवली तर पुढच्या महिन्यात दोन भरून घ्यायच्या, हा त्यांचा नियम, आणि त्याला साहेबांच्या मेव्हण्यासाठीही अपवाद नव्हता. निवृत्त होऊन नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसल्यावर हाताखाली माणसंच उरली नाहीत. मग नातीसाठी आणलेली बजींची, म्हणजे चिमुकल्या पोपटांची, जोडी त्यांनी हाताखाली घेतली.

बंड्या आणि बबी, दोघंही हिरवीगार. मागच्या दिवाळीत पिंजऱ्यातल्या मडक्यात त्यांना चार पिल्लं झाली. तीन हिरवी आणि एक आभाळासारखं निळं. हिरव्या आईबापांच्या पोटी निळं पोर कसं, यावर सोसायटीत आठवडाभर दबक्या आवाजात चर्चा झाली आणि बिचाऱ्या बबीच्या चारित्र्यावर नाही नाही ते शिंतोडे उडाले. शेवटी चारुताने तिची बाजू घेतली. चारुता म्हणजे साबळ्यांची सून. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.

"बाबा, प्रत्येक पक्ष्याकडे रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात असं समजा. आपल्या बंड्याकडेही आणि बबीकडेही एक हिरवी, एक निळी आहे. हिरवी एक जरी असली तरी पक्षी हिरवाच दिसतो, निळी आत गप्प बसून राहते. पिल्लाला आईकडून एक मिळते, बापाकडून एक. दोन्ही निळ्या आल्या तरच पिल्लू निळं. खरं तर त्यात निळा रंग टाकलेला नसतोच. हिरव्यातला पिवळा त्याला मिळालेला नसतो, एवढंच. आणि असं होण्याची शक्यता चारात एक."

"चारात एक," प्रभाकररावांनी मान डोलावली. चारुता त्यापुढेही बरंच बोलली, पण ते त्यांनी ऐकलं नाही. समोर चार पिल्लं होती, त्यात एक निळं होतं. आणखी ऐकायचं काय?

तीन हिरव्यांपैकी एक तळमजल्यावर गेलं. दोन हौसाने नेली. हौसा जासईची, आठवड्यातून तीनदा मासळीची टोपली घेऊन दारावर यायची. निळं मात्र नातीचं, मनस्वीचं झालं. मनस्वीचे बाबा बोटीवर. सहा महिने घरी, सहा महिने समुद्रात. पोरगी त्या निळ्याला नील म्हणायची आणि फोनवर बाबांना जे सांगायचं ते आधी पिंजऱ्याजवळ बसून नीलला सांगून बघायची.

आणि हाच नील गणपतीत उडून गेला. पिंजऱ्याची कडी सैल होती, असं प्रभाकररावांनी सगळ्यांना सांगितलं. कडी मुळीच सैल नव्हती. आरतीची घंटा ऐकून पाण्याची वाटी तशीच हातात घेऊन ते आत धावले होते आणि दार सताड उघडं राहिलं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे ते जास्तच टोचत होतं.

मनस्वी रडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. बाबांचा फोन आला की ‘बरी आहे’ म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची.

"आपण बाजारातून दुसरा निळा आणू या," चारुता म्हणाली.

"मला दुकानातला नको. मला नीलचा भाऊ पाहिजे."

प्रभाकररावांनी तिला जवळ घेतलं. "तुझ्या वाढदिवसाला नीलचा भाऊ या घरात असेल," ते म्हणाले. "आजोबांचा शब्द."

म्हणून तो तक्ता. आता अंडी चार झाली, चारही फुटली, आणि प्रभाकरराव दिवसातून अकरा वेळा मडक्यात डोकावू लागले. पहिल्याला हिरवे कोंब फुटले. तक्त्याप्रमाणे. दुसरं हिरवं, तिसरं हिरवं. सगळं तक्त्याप्रमाणे. चौथ्याला पिसं फुटायच्या दिवशी त्यांनी नवा शर्ट घातला. चौथंही हिरवं निघालं.

"दांडी मारली," प्रभाकरराव गंभीरपणे म्हणाले. "हरकत नाही. पुढच्या खेपेला दोन भरून घेऊ."

चारुता हातातला चहा ठेवून समोर येऊन बसली. "बाबा, अंड्यांना तुमचं हजेरीबुक वाचता येत नाही. प्रत्येक अंड्याच्या वेळी चिठ्ठ्या नव्याने उचलल्या जातात. आधी काय निघालं ते त्याला माहीतच नसतं."

"तीस वर्षं चार टोळ्या फिरवल्या मी, चारुता."

"माणसं फिरवलीत. चिठ्ठ्या नाही फिरवल्यात."

"तू मुलांना शिकव," ते म्हणाले आणि नवा तक्ता करायला बसले. हिरवं, हिरवं, निळं, निळं.

वाढदिवस फेब्रुवारीतल्या एका रविवारी होता. जानेवारीत बबीने पुन्हा चार अंडी घातली, बरोब्बर चार, आणि प्रभाकररावांचा धीर असा काही वाढला की त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रणच टाकलं. ‘चि. मनस्वीचा सातवा वाढदिवस व निळ्या पिल्लाचे बारसे. सायंकाळी पाच वाजता. जुळे अपेक्षित.’ एकशे चार जणांनी अंगठे दाखवले. कुणीतरी पाळण्याचीही चौकशी केली.

"पिल्लांना पिसं तरी फुटू द्यायची होती," प्रमिलाताई म्हणाल्या. "आणि ती हौसा का येत नाही हो वर हल्ली? महिना झाला. गेटवरच टोपली विकते आणि मला बघितलं की डोक्यावर पदर ओढून चालू लागते. तुम्ही काही बोललात का तिला?"

"मी कशाला बोलू?" प्रभाकरराव मडक्यात डोकं घालून म्हणाले. त्यांच्यापुढे मोठे प्रश्न होते.

पहिलं हिरवं आलं. दुसरं हिरवं आलं. तिसरं निळं असायला हवं होतं, ते शुद्ध हिरवं आलं. चौथं सगळ्यांत धाकटं. ते शेवटपर्यंत उघडं आणि गुलाबी राहिलं. सगळी भिस्त त्याच्यावर होती. वाढदिवसाच्या सकाळी प्रभाकररावांनी चष्मा पुसून मडक्यात पाहिलं. पाठीवर बारीक बारीक हिरवे ठिपके उमटले होते.

ते खुर्चीत बसले. हॉलमध्ये चारुता फुगे लावत होती. मनस्वी नवा फ्रॉक घालून पिंजऱ्याकडे बघत होती, पण जवळ जात नव्हती. आजोबांनी पाचच्या आधी डोकावायचं नाही असं बजावलं होतं, आणि त्या पोरीने आयुष्यात त्यांचं कधी न ऐकता काही केलं नव्हतं.

दुपारी तीन वाजता प्रभाकरराव सगळ्यांत थोरलं पिल्लू मुठीत घेऊन गुपचूप बाथरूममध्ये शिरले. मगमध्ये पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ कालवलेली होती. कापसाचा बोळा बुडवला, वर उचलला आणि हात तिथेच थांबला.

तीस वर्षं रंगांत काढलेला माणूस तो. हिरव्यावर निळं टाकून निळं होत नाही हे त्यांच्याइतकं पनवेलमध्ये कुणाला कळत होतं? वर चारुताचं वाक्यही आठवलं. निळं पिल्लू म्हणजे ज्याला पिवळा मिळालाच नाही ते. आणि मुठीतलं ते एवढंसं काळीज धडधडत होतं. लाज वाटली त्यांना, अगदी कानापर्यंत. एकदा कडीचं खोटं बोललो, आता हे दुसरं? तेही त्याच पोरीशी?

त्यांनी बोळा खाली ठेवला. पिल्लाला हा मनाचा मोठेपणा कळायचं कारण नव्हतं. त्याने अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. प्रभाकरराव उडाले, कोपर मगला लागलं, पिल्लू सुखरूप खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसलं आणि सगळी नीळ साबळ्यांच्या तोंडावर आली. त्यांनी पिल्लू आधी मडक्यात पोचवलं आणि मग साबण लावून तोंड धुतलं. तोंडाचा रंग बराचसा गेला. पांढरीशुभ्र मिशी मात्र निळीची निळी राहिली; उलट धुतल्यामुळे रंग सगळीकडे सारखा बसला.

पाच वाजता हॉल भरला. प्रमिलाताईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून पोटभर हसून आल्या.

"काका, निळं कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"दिसत नाही का, नाकाखाली आहे," दुसरं कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसण्याने फुटला.

प्रभाकरराव हसले नाहीत. ते गुडघे धरत मनस्वीपुढे खाली बसले. "मनू, निळं नाही आलं. सगळी हिरवीच आली. आजोबांनी नको तो शब्द दिला." त्यांनी तिचा हात धरला. "आणि कडी सैल नव्हती, बाळा. नीलचं दार मीच उघडं टाकलं होतं."

"मला माहितीये," मनस्वी म्हणाली.

"काय?"

"मी बघितलं होतं. पण आजी तुम्हाला रागावली असती ना."

प्रभाकररावांनी डोळे पुसले तर हातालाही निळं लागलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात हौसा उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं, आणि आज मासळीचा वास मात्र नव्हता.

"काका, वॉचमननी सांगलं, तुमच्याकडं आज निळ्या पिल्लाचं बारसं हाय. खरं हाय ना?"

"कशाला विचारतेस?" प्रभाकररावांचा आवाज पडला होता.

"मंग मी पन दाखवते. आता कोन आमाला चोर नाय म्हनायचा." तिने टोपली खाली ठेवून फडकं काढलं. आत छोटा पिंजरा होता. पिंजऱ्यात चार पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. एक हिरवं. तीन निळी.

हौसा पुढे बोलत राहिली. "तुमी दिलेली ती दोन हिरवी, त्यांचीच हायेत. देवाशपथ. मडका टांगला, चार अंडी घातली न् त्यातली तीन निळीच निंगाली! तुमचा नील गेलेला. आख्ख्या सोसायटीला ठावं का निळा फकस्त काकांकडं. मी म्हनलं, आता बोलनार, हौसानीच नील पलवला. म्हनून महिनाभर वर नाय आली मी. आज तुमच्याकडं पन आला ऐकला, तवा जीव भांड्यात पडला." मग तिचं लक्ष मिशीकडे गेलं. "काका, ह्ये काय जालं?"

"हौसा, मी माझ्या तक्त्यात गुंतलो होतो गं," प्रभाकरराव म्हणाले. "तुझं तोंड महिनाभर दिसलं नाही, तेसुद्धा मला कळलं नाही. तुला कोण चोर म्हणेल? आणि म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे."

चारुता पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली. "म्हणजे त्या दोन्ही हिरव्यांच्या आत निळी चिठ्ठी होती. इतके दिवस जासईला गप्प बसून होती."

"मग हा नीलचा कोण?" मनस्वीने विचारलं. ती केव्हाच पिंजऱ्याला नाक लावून बसली होती.

"भाचा. सख्खा भाचा," चारुता म्हणाली.

"मामाला सांगायचं ते सगळं मग आता याला सांगितलं तरी चालेल," मनस्वीने ठरवून टाकलं. "आई, फोन दे. बाबांना सांगायचंय." आणि गणपतीनंतर पहिल्यांदाच ती फोनवर अर्धा तास बोलली. बोटीवरच्या बाबांना पिल्लू दाखवलं, हौसाला दाखवलं, आणि आजोबा ‘नको नको’ म्हणत असताना मिशीही दाखवली.

हौसा एक निळं ठेवून निघणार होती. तिला बदल्यात हिरवं हवं होतं. "निळ्यांचा कंटाळा आला. हिरवं कसं पानासारखं वाटतं," ती म्हणाली. तिला दोन हिरवी मिळाली आणि बसवून केकही मिळाला.

प्रभाकरराव मात्र फ्रिजसमोर उभे होते. पहिल्या खेपेची चार, त्यात एक निळं. दुसरी चार, निळं नाही. तिसरी चार, निळं नाही. हौसाची चार, त्यात तीन. एकूण सोळा. निळी चार. त्यांनी पुन्हा मोजलं. सोळात चार! चारात एक! एकाही दांडीशिवाय सगळी पाळी भरून निघाली होती, फक्त जासईला! त्यांची निळी मिशी थरथरली. तोंड उघडलं. मागे चारुता उभी होती. तिनेही तेवढ्यात मनात मोजलं असावं, कारण तिचा चेहरा परीक्षेत चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढणाऱ्या मुलाकडे बघावं तसा झाला होता.

"बोला बाबा," ती म्हणाली. "आज बोलायचा हक्क आहे तुमचा."

प्रभाकररावांनी तोंड मिटलं. मग मोठ्या कष्टाने एक एक शब्द बाहेर काढला. "योगायोग आहे. अंड्यांना हजेरीबुक वाचता येत नाही." आणि त्यांनी दोन्ही तक्ते फ्रिजवरून काढले.

हौसा टोपली उचलता उचलता दारात वळली. "काका, आमची परत घातलीत चार अंडी. आता किती हिरवी, किती निळी येतील ओ?"

"सांगता येत नाही," प्रभाकरराव म्हणाले.

हे वाक्य त्या घरात चाळीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. कोण बोललं ते बघायला प्रमिलाताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.