इनामदारांचा वारा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे इनामदारसाहेब कुणाच्याही घरी गेले, की बेल वाजवण्याआधी बोट ओलं करून हवेत धरतात. वारा कुठून येतोय हे कळल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी व्रत असेल. तसं काही नाही. त्यांची उभी हयात अग्निशमन दलात गेली आणि तीही पेट्रोल, थिनर, स्पिरिट असल्या पेटत्या द्रवांशी झुंजण्यात.

"आग दिसते हो," ते म्हणतात, "वाफ दिसत नाही. ती वाऱ्याबरोबर येते आणि गुपचूप पायाशी बसते. म्हणून आधी वारा."

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याही मंडळींना पुढच्या खुर्च्यांवरून उठवून दाराजवळ बसवलं. व्याह्यांचा चेहरा पडला. साहेबांनी शांतपणे खुलासा केला, "पाहुणे आधी बाहेर पडले पाहिजेत." कशातून, ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

एकदा वारज्याला सिग्नलपाशी ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. शेजारी टँकर उभा राहिला. लगेच माझ्या खांद्यावर थाप पडली. "बाराशे तीन. पेट्रोल. पुढं घ्या." टँकरवरच्या पाटीवर आतल्या मालाचा आकडा लिहिलेला असतो, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. साहेबांना स्वतःचा मोबाइल नंबर आठवत नाही, हे आकडे मात्र तोंडपाठ आहेत.

पार्किंगमध्ये त्यांनी वाळूच्या सहा बादल्या ठेवल्या आहेत. त्यामुळे आजवर सोय झाली ती मांजरांची. साहेब दर रविवारी ती वाळू चाळून पुन्हा भरतात. गच्चीवर त्यांनी एका बांबूला विटकी हिरवी ओढणी बांधली होती, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून. ती आमच्या सेक्रेटरींना, म्हणजे सबनिसांना, खुपायची. शेवटी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गच्चीवरील चिंधी रविवारपर्यंत काढावी. सोसायटी म्हणजे विमानतळ नव्हे.'

एरवी स्वल्पविरामावरूनही वाद घालणारे साहेब ते वाचून काही न बोलता वर गेले. मला ते बरं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी रंगारी थिनरचं पिंप पार्किंगमधून सरकवत होते, ते आडवं झालं. थिनर उताराने गटाराकडे निघालं. बघ्यांनी गेटपाशी गर्दी केली. वॉचमन पाण्याचा पाइप आणायला धावला आणि सबनीस नव्या गाडीला किल्ली लावायला.

साहेब अनवाणी खाली आले. जिन्याच्या खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी एकदा वर पाहिलं. ओढणी गेटाकडे फडफडत होती. आणि गेटाबाहेर आमच्या इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री रसरसली होती.

"इस्त्री उचल आणि कोपऱ्यापलीकडे जा. बाकी सगळे मागच्या अंगणात. पाणी नको, थिनर त्यावर तरंगत जाऊन पुढच्या गल्लीत पेटेल. बटणाला कुणी हात लावायचा नाही. सबनीस, किल्ली काढा."

"अहो, नवी गाडी आहे."

"म्हणूनच काढा."

माझ्या बायकोला त्यांनी मागे लांब जाऊन फोन करायला सांगितलं. मग गटाराच्या तोंडाशी मांजरांच्या वाळूचा बांध घातला आणि उरलेली वाळू थिनरवर पसरली. बंब आला तोवर सगळं जागच्या जागी थांबलं होतं. तरुण अधिकाऱ्याने फेसाचे पाइप तयार ठेवले, सगळीकडे फिरून पाहिलं आणि साहेबांना कडक सलाम ठोकला.

"सर, आमच्यासाठी काही ठेवलंच नाहीत."

"न लागलेली आग सगळ्यात चांगली विझते," साहेब म्हणाले आणि चपला शोधायला गेले. माझी छाती अभिमानाने फुगली. मी दोनच बादल्या उचलल्या होत्या, पण अजूनही सांगताना चार सांगतो.

संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर साहेब ओढणीची गाठ सोडत होते.

"परवा रविवार ना," ते म्हणाले.

"सबनिसांनी स्वतः फळा पुसलाय. राहू दे म्हणाले."

ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले. "हिची आहे ही," म्हणाले. त्यांच्या पत्नीला, रेहानाभाभींना, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. "मी आगीवर गेलो की ही गच्चीत येऊन ओढणीचं टोक हवेत धरायची. वारा एकाच दिशेचा असला की काळजी नाही, फिरला की धोका, एवढंच तिला शिकवलं होतं. घरी आलो की ताट वाढताना सांगायची, आज वारा फिरला नाही. मग मी जेवायचो."

मग म्हणाले, "आता वारा माझा मीच बघतो. पण सांगणारं कुणी नाही."

मी बांबू धरला आणि आम्ही दोघांनी मिळून गाठ पुन्हा घट्ट बांधली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी गच्चीवर चक्कर मारतो. उतरताना तिसऱ्या मजल्यावर थांबतो आणि बंद दारातूनच सांगतो, "साहेब, आज वारा फिरला नाही."

आतून आवाज येतो, "बरं. मग जेवतो."